गाण्याचा सातबारा

पत्र : ‘ताई, मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातली. नागपूरला तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांत, पेटीमास्तर. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली की होळीपर्यंत त्यांचा मुक्काम घरी नसतो. नाटकांतल्या गाण्यांना चाली तेच लावतात. मला संगीताचे हक्क, परवाने आणि पब्लिशिंग या कामात इंटर्नशिप करायची आहे. पण कंपन्या मुंबईत, ओळख कुणाचीच नाही. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. कॉलेजातल्या एकाने पैसे भरले की ऑनलाइन सर्टिफिकेट मिळतं असं सांगितलं. घरचे म्हणतात, तालुक्याच्या कोर्टात वकिलाकडे जा, हे गाण्याचं काय घेऊन बसलीस. आणखी एक. बाबांच्या नाटकातलं गाणं आम्ही यूट्यूबवर टाकलं, तर त्यावर दुसऱ्याच कुणाचा क्लेम आला. आम्ही काय करावं?’

उत्तर : आधी सर्टिफिकेटचं. पैसे भरू नकोस. या क्षेत्रात तुला घेणारा माणूस प्रमाणपत्र पाहत नाही, चार आठवड्यांत तू कोणते कागद हाताळलेस ते विचारतो. त्याचं उत्तर विकत मिळत नाही.

घरच्यांचं म्हणणं आणि तुझी इच्छा यांत भांडण नाही, आणि हे नियमातच आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे इंटर्नशिप हवी. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि संपूर्ण अभ्यासक्रमात एकदा तरी खटले आणि अपिलं चालवणाऱ्या वकिलाकडे बसावंच लागतं. म्हणजे एक सुट्टी साकोली-भंडाऱ्याच्या कोर्टात, दुसरी संगीताच्या कामात, असं दोन्ही बसतं. नियमात कंपन्याही येतात, पण रुजू होण्याआधी कॉलेजकडून लेखी परवानगी घे. नंतर इंटर्नशिपच्या डायरीवर सही मिळायला अडचण आली की मुलं रडकुंडीला येतात.

आता काम. तुझ्या घरी शेती असेल तर तुला ते अर्ध्या तासात कळेल. जमीन घेताना आपण काय बघतो? सातबारा, मग जुने फेरफार, मग खरेदीखत, वारस किती, कुणाची सही राहिली. म्युझिक पब्लिशिंगचं, म्हणजे गाण्याच्या शब्द-चालीचे हक्क सांभाळण्याच्या धंद्याचं, निम्मं काम हेच आहे. फरक एवढाच की एका गाण्याचे सातबारे तीन असतात. शब्दांचा एक, चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द साहित्यकृती आहेत, चाल ही संगीतकृती आहे आणि तिच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेत. ध्वनिमुद्रणाचा कर्ता मात्र निर्माता, म्हणजे ज्याने ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. गायकाकडे यांतलं काहीच नसलं तरी कलाकार म्हणून त्याचा वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षांचा.

सातबाऱ्याशी आणखी एक साम्य आहे. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तसंच कॉपीराइटच्या नोंदवहीचं. कलम ४८ प्रमाणे ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि नोंद नसली तरी हक्क असतोच. संगीतकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाचं २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस जातात. वाद होण्याची शक्यता असलेल्या गाण्याची नोंद करून ठेवलेली बरी. पण ‘रजिस्टर केलं म्हणजे आमचंच’ असं कुणी म्हणालं की सावध हो.

बाबांचंच गाणं घे. नाटककाराने शब्द लिहिले, बाबांनी चाल लावली, दोन नटांनी रंगमंचावर म्हटलं, आणि कुणीतरी कॅमेऱ्याने शूटिंग केलं. शब्दांचा पहिला मालक नाटककार, चालीचे बाबा. रंगभूमीच्या (नाटक कंपनीच्या) मालकाने रात्रीच्या हिशेबाने पैसे दिले म्हणून चाल त्याची होत नाही. नोकरी असेल आणि चाल त्या नोकरीचा भाग म्हणून केली असेल तर मात्र कलम १७ प्रमाणे मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणून पहिला प्रश्न ‘पैसे किती मिळाले’ हा नाही. ‘नातं नोकरीचं होतं की कामाच्या ठेक्याचं’ हा आहे. शूटिंगचं उलट आहे. कुणी मोबदला देऊन व्हिडिओ करवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या व्हिडिओचा मालक पैसे देणारा. गावच्या नाट्य मंडळाने कॅमेरावाल्याला पैसे दिले की तो आपणहून आला, यावर सगळं फिरतं. आपणहून आला असेल तर चित्रण त्याचं, पण आतल्या शब्दांची, चालीची आणि नटांच्या सादरीकरणाची परवानगी त्याने घ्यायलाच हवी होती.

एवढं एका पानावर मांड. डावीकडे हक्क, मध्ये आजचा मालक, उजवीकडे कोणत्या कागदाने. कागद नसेल तिथे ‘कागद नाही’ असंच लिही, जागा कोरी सोडू नकोस. हे पान तुझ्या अर्जाचं सगळ्यात वजनदार कागदपत्र ठरेल, त्याकडे पुढे येते.

क्लेमचं बोलू. यूट्यूब स्टुडिओत क्लेमचा तपशील उघड. कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, कोणाचा दावा, आणि तो ध्वनिमुद्रणावर आहे की नुसत्या चालीवर, हे तिथे दिसतं. मग बाबांना एकच गोष्ट सरळ विचार : ही चाल पूर्ण आपली, की एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवलेत? झाडीपट्टीत ही पद्धत जुनी आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तसं असेल तर दावा बरोबर आहे आणि तो तसाच राहू द्यावा. दुसरी शक्यता अशी की प्रवेश बदलताना लावलेलं मूळ रेकॉर्डिंग चित्रणात आलं. तेवढा तुकडा स्टुडिओतूनच कापता किंवा निःशब्द करता येतो आणि दावा सुटतो. तिसरी शक्यता मनस्ताप देणारी : कॅमेरावाल्याने तेच रेकॉर्डिंग एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) ‘माझं’ म्हणून टाकलं, आणि यंत्रणेने तुम्हालाच परके ठरवलं. अशा वेळी आधी त्याला फोन. डिस्ट्रिब्युटरला त्याने एक ओळ लिहिली की दावा मागे घेतला जातो.

फोनने सुटलं नाही तरच डिस्प्युट, म्हणजे दाव्यावर हरकत. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने नाकारलं तर अपील करता येतं आणि तिथे त्याच्याकडे ७ दिवस असतात. पण त्या टप्प्यावर तो व्हिडिओ उतरवण्याची मागणी करू शकतो, आणि मग चॅनलवर स्ट्राइक (उल्लंघनाची ताकीद) बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल जाऊ शकतं. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. कायद्याचे विद्यार्थी नेमके इथे चुकतात, रागाच्या भरात डिस्प्युट ठोकतात आणि साध्या दाव्याचा स्ट्राइक करून घेतात.

कंपनीत गेल्यावर जे करार हातात येतील त्यांत कलम १८ आणि १९ पाठ असल्यासारखी हवीत. हस्तांतरण लेखी हवं, देणाऱ्याची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि रॉयल्टी किती, हे त्यात हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, त्या हक्काचं हस्तांतरण संपतं. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आणल्या. करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं असं माध्यम, करारात त्याचा उल्लेख केल्याशिवाय, हस्तांतरणात येत नाही. आणि चित्रपटगीताचा गीतकार-संगीतकार, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देऊ शकत नाही. तो वाटा फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला (कर्त्यांच्या वतीने परवाने देऊन रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. खाजगी ध्वनिमुद्रणातल्या शब्दांना आणि चालीलाही असंच संरक्षण आहे. कॅसेटच्या काळातला करार समोर आला तर पहिली नजर तारखेवर, दुसरी ‘सर्व माध्यमे’ या शब्दांवर. निष्कर्ष काढू नकोस, खूण करून वरिष्ठांपुढे ठेव. जुन्या करारांना नवी दुरुस्ती कितपत लागते हा प्रश्न इंटर्नने सोडवायचा नसतो, दाखवायचा असतो.

मुदतीचा हिशेब मात्र तूच करायला शीक. शब्द आणि चाल यांना कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं, मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६०. आपल्याकडची तीन उदाहरणं. भुलाबाईची पारंपरिक गाणी : शब्द-चाल कुणाच्या मालकीची नाही, पण गेल्या वर्षी कुणी रेकॉर्ड केली असतील तर ते रेकॉर्डिंग त्याचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव खंजिरीवर म्हटली जातात, म्हणून ती मोकळी आहेत असा समज आहे. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतो. त्यांच्या पश्चात प्रथम प्रकाशित झालेलं काही असेल तर त्याचं घड्याळ प्रकाशनापासून. अमरावतीचे सुरेश भट १४ मार्च २००३ ला गेले, त्यांचे शब्द २०६३ अखेरपर्यंत, आणि गझलेला चाल लावणाऱ्याचं घड्याळ वेगळं. देवळातली प्रार्थना आणि तिचं व्यापारी रेकॉर्डिंग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, कारण खरोखरच्या धार्मिक विधीतलं सादरीकरण कलम ५२ ने उल्लंघनातून वगळलंय. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात येतात. लग्नाचे लॉनवाले परवान्याच्या पैशांची नोटीस घेऊन धावत येतील, तेव्हा हे कलम वाचून लगेच ‘काही द्यायचं नाही’ असं सांगू नकोस. लग्नातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नये अशा अर्थाची केंद्राची २०२३ ची सूचना आहे, पण तशाच धर्तीचं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलंय. प्रत्येक कार्यक्रमाचं स्वरूप पाहावं लागतं.

टेबलावरचं रोजचं काम बहुतेक एक्सेलमध्ये असतं. कॅटलॉगमध्ये हजारो गाणी आणि प्रत्येकापुढे दोन प्रकारचे क्रमांक. आयएसआरसी ध्वनिमुद्रणाचा. त्यात १२ चिन्हं : पहिली दोन अक्षरं साधारणपणे देशाची, पुढची तीन नोंदणीदाराची, मग वर्षाचे दोन अंक, शेवटी पाच अंकी क्रमांक. आयएसडब्ल्यूसी हा रचनेचा, ‘टी’ने सुरू होतो, पुढे नऊ अंक आणि एक तपासणी अंक. एकच रचना दहा जणांनी गायली तर आयएसडब्ल्यूसी एक, आयएसआरसी दहा. हे दोन एकमेकांच्या रकान्यात गेले की पैसे भलतीकडे जातात किंवा अडकून पडतात. टक्केवारीची बेरीज १०० हवी. गीतकार ५०, संगीतकार ५० अशी नोंद आधीच आहे आणि कुणी नंतर पब्लिशरचे १० घातले, तर ११० होतात आणि सोसायटी ती नोंद वादात टाकते. नुसत्या शीर्षकावर जुळवणी करू नकोस. ‘विठ्ठल विठ्ठल’ नावाची किती गाणी निघतील याचा विचार कर! शीर्षक, पहिली ओळ, गीतकार, संगीतकार, कालावधी हे सगळं जुळलं तर जुळलं.

इथे तुझं मराठी कामाला येतं. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडतं, आणि संगणकाला ती चार वेगळी माणसं वाटतात. भजन-कीर्तनाच्या, भीमगीतांच्या, खडीगंमतीच्या जुन्या कॅसेटांचे मराठीतले हस्तलिखित करार वाचणारा माणूस मुंबईच्या ऑफिसात सहज मिळत नाही. मुलाखतीत हे आपणहून सांग. बोलताना इंग्रजी अडखळलं तर चालेल, ईमेल नीट लिहिता आला पाहिजे.

संस्थांची नावं नीट लक्षात ठेव. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, स्थापना १९६९, कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी २०१७. ध्वनिमुद्रणांच्या बाजूला पीपीएल, नोव्हेक्स आणि २०२१ मध्ये सोसायटी म्हणून नोंदलेली आरएमपीएल. गायकांच्या हक्कांसाठी इसाम्रा. एकाचा परवाना दुसऱ्याच्या जागी चालत नाही. परवान्याची चौकशी आली की विचारायचं : कोणतं गाणं, कोणतं रेकॉर्डिंग, किती सेकंद, कोणत्या माध्यमात, कोणत्या देशात, किती काळ. जाहिरातीत मूळ रेकॉर्डिंग वापरायचं तर दोन परवानग्या, रचनेची आणि मास्टरची (म्हणजे त्या मूळ रेकॉर्डिंगची). नव्याने गाऊन घेतलं तर मास्टरची लागत नाही, रचनेची लागतेच. चित्रपटगीतांत दोन्ही बऱ्याचदा एकाच लेबलकडे असतात, म्हणून लोक दुसरी विसरतात, आणि खाजगी भक्तिगीतांत हे विसरणं महागात जातं.

आता अर्ज. मोठ्या लेबलांचे कायदा विभाग (सारेगामा, टिप्स, सोनी, युनिव्हर्सल), फाउंटन किंवा एव्हरेस्टसारख्या मराठी कंपन्या, स्वतः आयपीआरएस, मनोरंजन क्षेत्रात काम करणाऱ्या लॉ फर्म, या सगळ्यांकडे लिही. पण नागपूर सोडू नकोस. कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि वादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे तो लावता येतो. त्यामुळे नागपुरातही बौद्धिक संपदेचं काम करणारे वकील आहेत, आणि नागपूर खंडपीठात अशी प्रकरणं पाहायला मिळतात. माझं मत विचारशील तर पहिली इंटर्नशिप अशा वकिलाकडे कर आणि दुसरी मुंबईला. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस आहेच, पण महिनाभर मुंबईत राहण्याचा खर्च घरच्यांवर टाकण्याआधी घरून काम करण्याबद्दल आणि मानधनाबद्दल स्पष्ट विचार. विचारण्यात गैर काही नाही.

ईमेल अडीच-तीन महिने आधी जायला हवा. विषयाच्या ओळीत ‘इंटर्नशिपसाठी अर्ज’ एवढंच नको, तारखाही घाल. आत तीन छोटे परिच्छेद : तू कोण, कोणत्या चार आठवड्यांत मोकळी आहेस, काय करू शकतेस. सोबत एका पानाचा बायोडेटा आणि ते बाबांच्या गाण्याचं पान. नाटककाराचं आणि नटांचं नाव बदल, बाबांचं त्यांना विचारून ठेव. ‘कॉपीराइट कायद्याचं समीक्षण’ असा निबंध जोडू नकोस, ढिगाने येतात. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण, मग पुढचा पत्ता.

मुलाखतीआधी तीन निकाल मूळ वाच : गीतकार-संगीतकार आणि चित्रपट निर्माता यांच्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा आयपीआरएस विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स, इंटरनेट स्ट्रीमिंगला कलम ३१ड चा वैधानिक परवाना (मालकाच्या संमतीशिवाय, ठरवून दिलेल्या दराने मिळणारा) लागू नाही म्हणणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१९ चा टिप्स विरुद्ध विंक, आणि रेडिओने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी द्यावी म्हणणारा त्याच न्यायालयाचा एप्रिल २०२३ चा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत कायदा कुठे वळला ते चार वाक्यांत सांगता आलं तर खूप झालं.

काम सुरू झाल्यावर करारांचे फोटो मोबाइलवर काढू नकोस. डायरीत ‘हस्तांतरण करारांची तपासणी, १४ कागद’ असं लिही, पक्षकारांची नावं आणि रकमा नको. परीक्षक डायरी पाहतात आणि गोपनीयता मोडल्याचा ठपका तुझ्या गळ्यात पडतो. आणि गावाकडून कुणी ‘आमच्या गाण्याला नोटीस पाठव’ म्हणालं तर नाही म्हण. सनद मिळेपर्यंत तुला तो अधिकार नाही.

यंदा बाबा वडशाच्या तालमीला निघण्याआधी त्यांच्यासोबत एक वही कर. प्रत्येक गाण्याला एक पान : पहिली ओळ, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणत्या चित्रपटगीताच्या चालीवर असल्यास ते, पहिला प्रयोग कोणत्या गावात आणि कोणत्या तारखेला, चित्रण कुणी केलं, त्याला पैसे कुणी दिले. चाल पेटीवर वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्याच रात्री स्वतःला ईमेल करून ठेवा. आणि रंगभूमीने किंवा कॅमेरावाल्याने सहीसाठी कागद पुढे केला, तर बाबांनी तो सही न करता घरी आणावा. तू त्यावर पेन्सिलने चार गोष्टी शोध : कोणते हक्क, किती वर्षं, कोणता प्रदेश, पैसे किती. यांतली एकही सापडली नाही तर तो कागद तसाच परत जाऊ दे.